मागच्या दारांची वाट

आमच्या घराला पुढचंही दार आहे, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. तोवर सगळं येणंजाणं मागून. पुढच्या दारासमोर रस्ता आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, टोमॅटोचे टेम्पो, शनिवार-रविवार साधून लेणी बघायला आलेल्या पुण्या-मुंबईच्या मोटारी. मागच्या दारासमोर डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याला धरून सगळ्या घरांच्या परसातून जाणारी एक पायवाट. बैलगाडी जाणार नाही इतकी अरुंद, पण दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन गप्पा मारत जातील इतकी रुंद. ती कुणाची, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रत्येकाच्या परसाचा एक तुकडा तिच्यात गेलेला होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. जुन्नर तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर गल्लीतले म्हणतील, आता छापूनही आणलं. आणि आमच्या गल्लीला भांडायला आणखी एक कारण पुरवण्याची माझी इच्छा नाही. आहेत तीच कारणं संपता संपत नाहीत.

पुढच्या दारानं आमच्याकडे पाहुणे येत, पोस्टमन येई, लग्नाची पत्रिका येई. मयत जाई तीही पुढच्या दारानं. बाकी सगळं मागून. विरजण, वाटीभर साखर, कुणाच्या पोरीला बघायला आल्याची बातमी, रुसवे, रुसवे काढायला येणारी माणसं, सगळी मागच्या वाटेनं यायची, आणि दार वाजवायची पद्धत नव्हती.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांना सगळी गल्ली तात्या म्हणते, मीही तात्याच म्हणते. आम्ही बौद्ध. त्या गल्लीत आमचं एकच घर, बाकीची सगळी जुन्या शेतकरी घराण्यांची. तात्यांनी नोकरीत असताना ही जागा घेतली तेव्हा गल्लीनं वाईट काही म्हटलं नाही, चांगलंही काही म्हटलं नाही. पुढच्या खोलीत बोलावून चहा देत. चांगल्या कपबशीत देत, परक्या माणसाला देतात तसा. आतल्या घरात पाऊल पडायला मात्र बरीच वर्षं लागली. त्यासाठी काही मोठा प्रसंग घडला असंही नाही. रोज मागच्या वाटेनं ये-जा करता करता एका सकाळी शेजारच्या काकू भाकऱ्या थापत होत्या, हात पिठानं भरलेले होते. त्या आतूनच म्हणाल्या, "तात्या, चहा तुमीच वतून घ्या. पातेलं चुलीवरच हाय." तात्या आत गेले, चहा ओतून घेतला, तिथंच पाटावर बसून प्यायले आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई रडायला लागली. त्यात रडण्यासारखं काय होतं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी की पुढे जे झालं ते निव्वळ जागेचं भांडण होतं असं कुणाला वाटू नये. गल्लीतल्या लोकांना अजूनही तसंच वाटतं आणि त्याचाच मला वैताग आहे.

आई गेल्यानंतरच्या वर्षी तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, लग्न केलेलं नाही, त्यामुळे तात्या माझ्याकडे आणि मी तात्यांकडे असा आमचा संसार. दादा चाकणला कंपनीत आहे, तो महिन्यातून एकदा येतो आणि येताना सल्ले घेऊन येतो. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालवा, सपाट जागेवर चालवा, एक दिवस चुकवू नका, नाहीतर हा पाय कायमचा जाईल. आता सपाट जागा कुठली? पुढच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवाला पुढं बघतच नाही, तो मोबाइल बघतो. मग मी मागच्या वाटेवर तात्यांना वॉकर देऊन उभं केलं. माती मऊ, चढ-उतार नाही, आणि दमलं की टेकायला प्रत्येक घराचा मागचा ओटा.

पहिले काही दिवस ते पाच पावलांवर रडायचे. मग एकदा शेजारच्या काकूंच्या दाराशी पोचले आणि थांबून, जीभ जड झालेली असूनही, स्पष्ट म्हणाले, "नारायणगाव. गाडी चहाला थांबंल."

त्या दिवसापासून आमची गाडी सुरू झाली. आमचं घर म्हणजे जुन्नर स्टँड. काकूंचं घर नारायणगाव, कारण तिथं चहा. त्यापुढच्या घराचा मालक गॅरेज चालवतो आणि प्लॉटचे व्यवहार करतो, त्याच्या दारात कायम चार माणसं आणि दोन बिघडलेल्या गाड्या, म्हणून ते आळेफाटा. त्यापुढच्या घरावरची पाण्याची टाकी बारा महिने भरून वाहते, मालकाला कितीही सांगा, तो टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉल बसवत नाही. ते येडगाव, धरणाचं. आणि अगदी शेवटी एका रिटायर गुरुजींचं घर, आंबे-फणस-जांभळांच्या दाट झाडीत बुडालेलं, ते आहुपे. आहुपे आंबेगाव तालुक्यात, पार डोंगराच्या टोकाला, तिथल्या देवराईसाठी सगळ्यांना माहीत. मी एकदा तात्यांना चिडवलं, "आळेफाट्यावरून आहुप्याला कुठली गाडी जाते हो?" ते म्हणाले, "माझी जाती."

वॉकरच्या नळीवर ते डाव्या हातातल्या अंगठीनं टकटक करायचे. एक टक म्हणजे थांब, दोन टक म्हणजे चलो. काकू चहा बशीत ओतून देत. आळेफाटा स्टुलावर बसवून गावातल्या जमिनींचे भाव सांगे. येडगाव म्हणे, "या तात्या, पाय धुवा," कारण त्याच्याकडे द्यायला पाण्याशिवाय काही नसे. गुरुजी एखादं फळ खिशात घालत. पावसाळा संपता संपता तात्या आहुप्याला पोचले आणि परतही आले. मी ड्यूटीवर होते, मला फोन करून गल्लीतल्या चौघांनी वेगवेगळं सांगितलं. मी औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. माझ्या आईवर गेलेय म्हणायचं.

आणि मग पर्यटन खात्यानं आमचं भलं करायचं ठरवलं.

गावातून लेण्यांपर्यंत पर्यटकांना चालत जाता यावं म्हणून पायवाट करायची होती. ती आमच्या मागच्या वाटेवरूनच जाणार होती. कडेला कठडा, मध्ये मध्ये बाकडी, संध्याकाळी दिवे. आणि ज्यांच्या घरांची जागा त्या वाटेत जाते आहे त्यांना खातं मोबदला देणार होतं. नोटीस चांगली सरळ मराठीत होती, मी स्वतः वाचली. मी तात्यांना वाचून दाखवली तेव्हा ते खूश झाले. "डांबरी झाला म्हण की रस्ता," म्हणाले.

मलाही वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी सरकारचं आणि आपलं एकाच दिवशी भलं होतंय.

पण आमच्या गल्लीला सरळ गोष्ट सरळ पचत नाही. आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये बैठक बसली. मी तात्यांना घेऊन गेले होते, मागूनच. गॅरेजवाला टायरवर पाय ठेवून सगळ्यांना समजावत होता.

"आरं, वाट आशी उघडी टाकून बसलात तर सरकारचं मानूस येऊन काय म्हननार? ही तर वहिवाटीची वाट. शंभर वरसं लोक चालत्यात. मग पैसं कशाचं? फुकटात घेत्याल राव! पयलं कुंपण घाला. जागा आपली हाय, हे दिसाया नको का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "नोटिशीत उलटं आहे. वाट आहे म्हणूनच मोबदला आहे. वाटच बंद केली तर मोजणार काय?"

तो माझ्याकडे बघून हसला. "सिस्टर, तुमी इंजेक्शनं द्या. जिमिनीचं आमाला कळतं."

गुरुजी तरी काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं सांगणारा माणूस. ते चष्मा पुसत म्हणाले, "झाडांचा मोबदला वेगळा मिळतो म्हणतात. खरं आहे का हो ते?"

दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी वाटेत शेवग्याची आणि नारळाची रोपं लावली. एकेका वितीवर एक. नारळ तितक्या दाटीनं जगत नाही हे बाजारातल्या शेळीलाही कळेल, पण नारळ जगवायचा नव्हताच, मोजायला उभा करायचा होता. येडगावनं वाटेत चार विटांच्या भिंती उभ्या करून त्याला बाथरूम म्हटलं. ज्या घरात बॉल बसवायला पाच वर्षं सवड झाली नाही तिथं बाथरूम एका आठवड्यात झालं. आळेफाट्यानं बिघडलेल्या दोन गाड्या आडव्या लावल्या आणि तारेचं कुंपण घातलं. काकूंच्या मुलानं आधी बाभळीचे काटे आणून टाकले आणि मग लोखंडी अँगल रोवून काटेरी तार ओढली.

रविवारी दादा आला. गाडीच्या डिकीतून त्यानं तारेचं भेंडोळं काढलं. मी म्हटलं, "तू शहाणा असशील असं वाटलं होतं."

"सगळे घालतायत, आपण नाही घातलं तर आपलीच जागा सरकारी ठरेल."

"आणि तात्या कुठून चालणार?"

"अगं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मोजणी झाली की काढून टाकू. आणि मोबदला शेवटी तात्यांच्या औषधालाच येणार ना?"

"त्यांचं औषध तेच आहे, जे तू बंद करतोयस," मी ओरडले. दादा खाली बसून तार ओढत राहिला. तात्या मागच्या दारात वॉकर धरून उभे होते. ते तारेकडे बघत म्हणाले, "हितं थांबा कवापासून?"

मग मी दारोदार फिरले. ही माझी चूक नव्हे, पण माझा मूर्खपणा नक्की. मला वाटलं, तात्यांसाठी एक माणूस जाईल एवढी फट ठेवा असं म्हटलं तर कोण नाही म्हणेल? आणि खरंच कुणीच नाही म्हटलं नाही. काकू म्हणाल्या, "आगं, तात्यांसाटी जीव देईन मी. पन पोरगं म्हनतंय, पयलं आळेफाट्यानं काढावं." (गल्लीत आता सगळेच एकमेकांना तात्यांनी ठेवलेल्या नावांनी ओळखत होते, भांडतानासुद्धा.) गॅरेजवाला म्हणाला, "माजं काय न्हाई, येडगावनं बाथरूम पाडलं की माजी तार गेली समजा." येडगाव म्हणाला, "गुरुजींची झाडं काढा, मंग बघू." आणि गुरुजी म्हणाले, "सुरुवात स्टँडपासून व्हायला हवी. तुमच्या घरच्यांनी आधी काढावी." म्हणजे फिरून आमच्याच दारात. तुझ्या गळा माझ्या गळा नव्हे, तुझी तार माझी तार.

तात्या आमच्या परसातल्या परसात चालायचे. एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत, मग वळायचं, मग परत. डेपोत गाडी पुढे-मागे घेतात तसं. वळणं त्यांना जमत नव्हतं. सरळ चालणाऱ्या माणसाला दर चार पावलांना वळायला लावा, तो चालणं सोडून देईल. हळूहळू ते एकच फेरी मारू लागले, मग खुर्चीत बसून राहू लागले. उजवी टाच जमिनीवर घासायला लागली होती. तो आवाज मी रोज कामावर ऐकते, त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. मी दादाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, मोजणी लवकरच आहे.

मोजणीला खात्याकडून एक तरुण मॅडम आल्या. उन्हात टोपी घालून, हातात काठीवर बसवलेलं मोजणीचं यंत्र. बरोबर एक शिपाई. त्या काकूंच्या घरामागे आल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हातातला नकाशा फिरवून बघितला.

"पायवाट कुठं आहे?"

सगळी गल्ली जमली होती. दादासुद्धा रजा टाकून आला होता. गॅरेजवाला पुढं झाला. "मॅडम, हितं पायवाट कवाच नव्हती. ह्या आमच्या खाजगी जागा हायेत. एक इंच सरकारी न्हाई. कुनालाबी इचारा."

"कधीच नव्हती?"

"कवाच न्हाई," सगळे एका सुरात म्हणाले. आमच्या गल्लीचं एकमत मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

मॅडमनी कपाळाचा घाम पुसला. "मग बरं झालं प्रत्यक्ष आले ते. या योजनेत फक्त वापरात असलेल्या वाटेची जागा घ्यायची आहे. तिचाच मोबदला मंजूर आहे. नवीन जागा काढून, बांधकाम पाडून, झाडं तोडून वाट करायची परवानगीच नाही. मग आपण पर्यायी मार्ग धरू, कालव्याच्या पाटाच्या कडेनं. ती जागा सरकारीच आहे."

मला हसू आलं, ते मी दाबलं नाही. दादानं माझ्याकडे रागानं बघितलं. सगळे एकदम बोलायला लागले. वाट होती! पूर्वापार होती! आजोबांच्या वेळची आहे! कुंपण तर तात्पुरतं आहे! गुरुजी म्हणाले की झाडं तर कुंडीतसुद्धा हलवता येतील. येडगावनं मुलाला पहार आणायला पिटाळलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आत्ता तर तुम्ही नव्हती म्हणालात."

तेव्हा गॅरेजवाल्याला तात्या आठवले. इतके दिवस त्या माणसाला ते आठवले नव्हते. "आवो, तात्यांना इचारा की! रोज चालायचे ते हितनं, समद्या गल्लीला ठावं हाय. तात्या खोटं बोलनार न्हाईत."

दोघांनी तात्यांची खुर्ची उचलून तारेपाशी आणली. तात्यांनी खिशातून हातरुमाल काढून तोंड पुसलं. साहेबासमोर उभं राहायची सवय होती त्यांना, तिकीट तपासनिसासमोर उभं राहिल्यासारखे ते वॉकर धरून उभे राहिले. मॅडमनी आवाज मृदू केला. "बाबा, तुम्ही इथून चालता का?"

तात्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो.

"चालायचो," ते म्हणाले. मग तारेकडे बोट दाखवलं. "आता बंद हाय. गाडी बंद केली ह्यांनी."

मॅडमनी मान हलवली आणि तेच लिहून घेतलं. त्यांना आणखी काय लिहिता येणार होतं? शिपायानं यंत्र खांद्यावर टाकलं आणि दोघं पाटाच्या दिशेनं निघून गेले.

आता कुणाला वाटेल, झालं ते झालं, मोजणी झाली, मोबदला गेला, तार कशाला ठेवायची? मलाही तसंच वाटलं होतं. पण गल्लीला त्या दिवसापासून एकच गोष्ट कळली होती, ती म्हणजे तात्यांनी घोळ केला. 'होती आणि आहे' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. सगळ्यांच्या तोंडचा घास गेला. गॅरेजवाला चौकात म्हणाला, "मानसाला येवढं घरात घेतलं, त्यानं येवढंबी करू न्हाई?" हे मला दवाखान्यात एका पेशंटनं सांगितलं. घरात घेतलं! म्हणजे इतकी वर्षं ते मोजत होते तर. पातेल्यातला चहा, पाटावर बसणं, बशी, सगळं कुणीतरी मनात लिहून ठेवलेलं होतं आणि आता वसुलीला निघालं होतं.

मी संध्याकाळी त्याच्याच गॅरेजमध्ये गेले आणि पक्कड मागितली. त्यानं विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "तार तोडायला." त्यानं दिली. मी आमच्या परसाच्या दोन्ही बाजूंची तार तोडली, गुंडाळली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. दादाला फोन करून सांगितलं, तुझं भेंडोळं गेलं. तो म्हणाला, "तुला डोकं नाही." मी म्हटलं, "सुरुवात स्टँडपासून झाली. आता बघू."

बघितलं. आठवडा गेला, पंधरवडा गेला. एकही तार हलली नाही. तात्या रोज सकाळी आमच्या परसाच्या कडेपर्यंत येत, काकूंच्या तारेला हात लावत आणि उभे राहत. पलीकडे काकूंचं स्वयंपाकघर. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. मला माहीत होतं की काकूंना तात्या दिसत असणार. त्या दाराबाहेर येत नव्हत्या.

एके दिवशी आल्या. हात पदराला पुसत त्या तारेच्या पलीकडे उभ्या राहिल्या. डोळे खाली.

"तात्या, उनात नका हुबे राहू. पोरगं लई हट्टी हाय, काय करू?" मग म्हणाल्या, "पुढच्या दारानं या ना. चहा टाकते."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. वॉकरवर अंगठीनं एकदा टक केलं आणि वळले. वळायला त्यांना फार वेळ लागला. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. घरात येऊन खाटेवर बसल्यावर म्हणाले, "पावणं झालो आपन."

मला काकूंचा राग येत नाही असं म्हणता येत नाही. येतो. बाकीच्यांचा येतो त्यापेक्षा जास्त येतो. त्यांना सगळं कळत होतं, त्यांनीच तर ते दार उघडलं होतं. तार आमच्याविरुद्ध घातलेली नव्हती हे मला ठाऊक आहे. ती पैशासाठी घातली आणि हट्टासाठी ठेवली. पण तार कशासाठी आहे हे तारेकडे बघून कळत नाही. तिच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला जे वाटायचं ते वाटतंच.

सरकारची वाट पाटाच्या कडेनं झाली. मी तिला नावं ठेवणार नाही, चांगली झाली आहे. सपाट, फरशी बसवलेली, कठडा तात्यांच्या कमरेच्या उंचीचा, पाण्यावरून गार वारा येतो. मी रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं आणि माझी दुपारची ड्यूटी असेल त्या दिवशी सकाळी तात्यांना तिथं न्यायला लागले. स्वतःच्या परसात होती ती वाट सोडून रिक्षा करून वाटेवर जायचं, याचा मला रोज नव्यानं वैताग येतो. पण पाय हलायला लागलाय. टाचेचा आवाज कमी झालाय. थांब्यांची नावं मात्र ते आता घेत नाहीत. एकदा मी बाकड्यापाशी म्हटलं, "नारायणगाव?" ते म्हणाले, "ही गाडी विनाथांबा हाय."

आणि गंमत बघा. तिथं पहिल्याच आठवड्यात गॅरेजवाला भेटला. ट्रॅक पँट घालून, डॉक्टरनं साखर सांगितली म्हणून. मोटरसायकल पाटाच्या तोंडाशी लावून आला होता. मग येडगाव सपत्नीक. मग गुरुजी, काठी घेऊन. अख्खी गल्ली सकाळी उठून आपापली वाहनं काढून, पेट्रोल जाळून इथं चालायला येते, आणि घरी मागच्या दाराला नारळाची मेलेली रोपं, पाणी नसलेलं बाथरूम आणि गंजलेली तार. एकमेकांना बघून ते "चालला का?" म्हणतात. तात्यांना बघून थोडं कडेला होतात आणि वाट देतात. या बाबतीत फार सौजन्यानं वागतात. मला वाटतं ओरडून सांगावं, अरे, तुमच्या परसातून याच्या निम्म्या वेळात झालं असतं हे! पण सांगून काय होणार? ते म्हणतील, पयलं त्यानं काढावं.

काल काकू भेटल्या. सुनेच्या स्कूटीवरून आल्या होत्या, पायात नवे बूट, साडीखाली विचित्र दिसत होते. तात्यांना बघून त्यांचा चेहरा खरंच फुलला, ते खोटं नव्हतं. जवळ येऊन वॉकरला हात लावला.

"तात्या! किती दिसांनी! चालाया लागलात की पुन्ना, लई बरं वाटलं बगा. या की घरी कवातरी. चहा घ्यायला या."

तात्या थांबले. शब्द जुळवत होते. मला वाटलं, आता काहीतरी कडू बोलतील आणि मला ते आवडेल.

"येतो की," ते म्हणाले. "कंच्या दारानं येऊ?"

काकूंचा हात वॉकरवरच राहिला. पुढं गेलेली सून हाक मारत होती. तात्यांनी थोडा वेळ वाट बघितली, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मग अंगठीनं दोनदा टकटक केलं, काकूंनी हात काढून घेतला, आणि आम्ही पुढे निघालो.